सहा पाकळ्यांचे चाक

कोकणात जायचे म्हणजे घाट उतरून जायचे, असा आता आपल्या सर्वांचा समज झाला आहे, आणि त्यात नवल काही नाही. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली. तेव्हापासून पहाटे मुंबईत चहा घेतलेला माणूस दुपारी रत्नागिरीत पानावर बसतो. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांचे कोकण समुद्राच्या बाजूने सुरू होत असे. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट निघे, हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरे घेत जाई, आणि किनाऱ्यापासून लांब उभी राही. मग पडाव येत. त्यांत माणसे, ट्रंका आणि रडणारी पोरे उतरवली जात. घराचे पहिले दर्शन पाण्यावरून होई. आधी डोंगर, मग माडांची रांग, मग देवळाचा कळस, अशा क्रमाने गाव जवळ येई.

तसे एकदा आपणही गाव पाहावे अशी इच्छा माझ्या मनात पुष्कळ वर्षे होती. गेल्या आश्विनात ती पुरी झाली. हर्णैला माझा एक शाळासोबती मास्तर आहे. त्याच्या शेजारच्या तांडेलाची मासेमारीची बोट सुकाणूच्या कामासाठी दाभोळला जायची होती. जाळी उतरवून ठेवलेली, बर्फाची खणे रिकामी, म्हणजे बोट अगदी मोकळी. "चला की साहेब, दीड-दोन तासांचा तर रस्ता," असे तांडेलमामा म्हणाले. आमच्या सौ. ना एस. टी. च्या खिडकीवर जेवढा विश्वास तेवढा समुद्रावर नाही. त्या आमच्या आईला घेऊन दापोलीमार्गे रस्त्याने दाभोळला जाणार आणि मी व बारा वर्षांचे चिरंजीव पाण्याने जाणार, असा तह झाला.

हर्णै बंदर ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. किनाऱ्यावर त्याचे तीन पाठीराखे, गोवा, कनकदुर्ग आणि फत्तेगड. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्याकडून सुवर्णदुर्ग घेतला, तोही पेशव्यांशी हातमिळवणी करून. हा इतिहास मास्तरांनी मला किनाऱ्यावर उभे करून सांगितला, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा पडला होता की जणू ही गोष्ट कालच घडली. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे. खाली वाळूवर मासळीचा लिलाव चालतो. पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग, त्यांच्याभोवती माणसांची कडी, आणि कडीच्या मध्यभागी बोली पुकारणारा. तिथे ज्या वेगाने पैशांचा हिशेब होतो त्या वेगाने आमच्या ऑफिसात झाला असता तर आम्ही सगळे दुपारी तीनला घरी गेलो असतो.

पण या बंदराला एक उणीव आहे. ते उघडे आहे. वारा उठला की बोटींना इथे आसरा नाही. मग सगळ्या बोटी आंजर्ल्याच्या नाहीतर दाभोळच्या खाडीत पळतात. हर्णैच्या माणसाला म्हणूनच इंजिनाबद्दल फार काळजी. शीड गेले, वल्ही फक्त लहान होड्यांपुरती राहिली. इंजिन चालले तर बोट, नाहीतर वाऱ्याने ढकलायचे एक लाकडी घर.

आम्ही निघालो तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते. तांडेलमामांनी आम्हा दोघांना प्रथम लाइफ जॅकेटे चढवली आणि मगच बोटीत पाऊल टाकू दिले. बोटीवर तांडेलमामा, एक इंजिन-ड्रायव्हर, आणि तांडेलमामांचा सतरा-अठरा वर्षांचा भाचा. या भाच्याकडे नांगरापासून चहापर्यंत सगळी खाती.

"मामा, आज भरती केव्हा?" मी विचारले.

"तिथी कोणती आज?"

"वद्य अष्टमी."

"मग आठ पाऊण सहा. संध्याकाळी सहाला पाणी भरंल," मामा म्हणाले.

चिरंजीव माझ्याकडे पाहू लागले. पाऊणकीचा पाढा आमच्या वडिलांपर्यंत येऊन थांबला होता, तो असा समुद्रात भेटला. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते, हे कोकणातले जुने गणित आहे, आणि ते घड्याळाच्या फार मागेपुढे जात नाही. अष्टमीच्या सुमाराची भरती ही भांगेची. उधाणासारखी उंच चढत नाही. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, त्यामुळे भरलेल्या पाण्यात आणि दिवसाउजेडी आत शिरावे असा मामांचा बेत होता. साडेतीन-चारपर्यंत तोंडाशी पोहोचायचे, तासभर थांबून पाणी चढू द्यायचे, आणि मग सावकाश आत. वेळ हाताशी भरपूर होता.

बंदर मागे पडले तशी डावीकडे किनाऱ्याची चित्रमाला सुरू झाली. मुरूडची नारळी-पोफळी दिसली. महर्षी कर्व्यांचे हे गाव. १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी सतरा वर्षांचा धोंडो इथून साताऱ्यापर्यंत पायी गेला, आणि वय लहान दिसते म्हणून त्याला परत पाठवले. समुद्रातून ते गाव आणि त्यामागची डोंगरांची एकावर एक चढलेली भिंत पाहिली, तेव्हा त्या चालण्याची लांबी मला प्रथम कळली. पुढे कर्द्याची लांबलचक वाळू, मग तांबूस झाक असलेला लाडघरचा किनारा. चिरंजीव रेलिंगला धरून प्रत्येक गावाचे नाव विचारीत होते.

आणि या सगळ्याला एक पार्श्वसंगीत होते. बोटीच्या उजव्या अंगाला, पाण्यापासून हातभर वर, एक भोक होते आणि त्यातून मनगटाएवढी पाण्याची धार सारखी समुद्रात पडत होती. इंजिनाच्या धडधडीखाली तिचा सळसळ आवाज चालू होता. घरात नळ उघडा राहिला की गृहिणीचा जीव जसा वरखाली होतो तसा माझा झाला. मी म्हटले, "मामा, हे पाणी वाया चालले आहे का?"

मामा हसले. "साहेब, ते पडतंय म्हणून आपण चाललोय."

त्याचा अर्थ असा. रुडॉल्फ डीझेल या जर्मन इंजिनिअराने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. त्याच्या वंशातल्या आजच्या इंजिनातही जळणाऱ्या तेलाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच बोट पुढे ढकलते. एक तृतीयांश धुराबरोबर वर जाते, आणि उरलेली लोखंडात मुरते. ती काढून घेतली नाही तर लोखंड फुगते, दट्ट्या सिलिंडरमध्ये आवळतो आणि इंजिन कायमचे गप्प होते. मोटारीला वारा लागतो, म्हणून तिला पुढे रेडिएटर असतो. बोटीचे इंजिन पोटात दडलेले. त्याला समुद्रच थंड करतो. तळाच्या भोकातून खारे पाणी आत येते, गाळणीतून पंपात जाते, पंप ते कूलरमध्ये ढकलतो. कूलरमध्ये बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांतून समुद्राचे पाणी, नळ्यांच्या बाहेरून इंजिनाचे गोडे गरम पाणी. दोघे एकमेकांना शिवत नाहीत, फक्त उष्णतेची देवघेव करतात. मग खारे पाणी आपले काम करून बाहेर पडते. तीच ती धार. या डीझेलचा शेवटही समुद्रातच झाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेसडेन' बोटीवरून तो नाहीसा झाला, आणि काही दिवसांनी त्याचे प्रेत पाण्यात सापडले. ही हकीकत मी बोटीवर सांगितली नाही. काही गोष्टी जमिनीवरच सांगाव्यात.

बुरोंडीच्या समोर आलो. टेकडीवर पृथ्वीच्या अर्धगोलावर उभा केलेला परशुराम ठिपक्याएवढा दिसत होता. ज्याने समुद्र मागे हटवून ही भूमी मिळवली असे सांगतात, त्याला मी चिरंजीवांना दाखवीत होतो, तेवढ्यात काहीतरी बदलले. काय ते मला चटकन समजले नाही. इंजिन धडधडत होते, बोट चालली होती. तांडेलमामांनी मात्र मान वळवली, उजव्या अंगाला वाकून पाहिले, आणि ओरडले, "बंद कर! पाणी थांबलं!"

सळसळ थांबली होती. ड्रायव्हरने त्याच क्षणी इंजिन बंद केले. खालून तापलेल्या रंगाचा आणि जळक्या रबराचा वास वर आला.

इंजिनाचा आवाज बंद झाल्यावर समुद्राचा आवाज किती मोठा असतो हे कळते. दुपारचा वारा किनाऱ्याकडे वाहत होता. किनारा दीडएक मैलावर, आणि तिथे खडकांवर पांढरा फेस दिसत होता. बोट हळूच आडवी झाली आणि त्या फेसाकडे तोंड करून वाहू लागली. भाच्याने सांगण्याची वाट पाहिली नाही. नांगर खाली गेला, दोर सरसरत सुटला, पाच-सहा वाव पाण्यात तळ लागला, दोर ताणला गेला आणि बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. मी घड्याळ पाहिले. तीन वाजून वीस मिनिटे. मोबाइल काढून पाहिला, तर त्यात रेंज नव्हती.

"आता?" मी विचारले.

"आता चहा," मामा म्हणाले.

मला वाटले, थट्टा करतात. पण तापलेल्या इंजिनाला लगेच हात लावता येत नाही. घाईने गोड्या पाण्याचे झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते. अर्धा तास थांबणे हाच पहिला उपाय होता, आणि तो अर्धा तास चहाने भरून काढण्यात मामांचा अनुभव दिसत होता. चहा घेता घेता त्यांनी आपला सगळा तर्क सांगितला. पाणी थांबले म्हणजे एकतर ते आत येत नाही, किंवा पंप ते ढकलत नाही. रबराचा वास आला, म्हणजे पंपाचे चाक गेले. पण चाक आपोआप जात नाही. त्याला कोणीतरी उपाशी मारले असणार.

चार वाजता काम सुरू झाले. आम्ही दोघे केबिनच्या तोंडाशी बसून खाली पाहत होतो. ड्रायव्हरने आधी तळाचा कॉक बंद केला, गाळणी उघडली. ती स्वच्छ होती. मग पंपाकडे जाणारी नळी सोडून त्याने कॉक पुन्हा थोडा उघडला. बोटीचा तळ पाण्याखाली, तेव्हा कॉक उघडताच पाणी उसळून आत यायला हवे. आले ते म्हाताऱ्याच्या थुंकीसारखे, थेंब थेंब.

"बाहेरनं बंद झालंय," ड्रायव्हर म्हणाला.

भाच्याने कमरेला दोर बांधला, दात आवळले आणि पाण्यात उडी घेतली. एकदा वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या मुठीत एक प्लॅस्टिकची पिशवी होती. पातळ, पांढरी, किराणा दुकानात मिळते तशी. तिच्यावर एका शहरातल्या मिठाईच्या दुकानाचे नाव अजून वाचता येत होते. कोणत्या शहरातल्या ते सांगून वाचकांच्या फराळात मिठाचा खडा टाकीत नाही. महाराष्ट्रात अशा पिशव्यांवर २०१८ सालापासून बंदी आहे, परंतु समुद्रापर्यंत तो हुकूम अजून पोहोचलेला दिसत नाही. मामांनी पिशवी पिळली, घडी केली आणि बाकाखाली ठेवली. "परत पाण्यात टाकली तर पुढच्याला लागंल," एवढेच ते बोलले.

पिशवी तळाच्या भोकावर बसली, पाणी थांबले आणि पंप कोरडा फिरला. आता पंपाची पाळी.

त्याचे पितळी झाकण वाटीएवढे, सहा स्क्रूंनी बसवलेले. ड्रायव्हरने स्क्रू एकेक काढून चहाच्या रिकाम्या पेल्यात टाकले. एक जरी निसटून बोटीच्या तळातल्या काळ्या पाण्यात गेला तर तो शोधायला संध्याकाळ पुरली नसती. झाकण निघाले आणि आत ते चाक दिसले. मधे पितळेचा गाभा, त्याभोवती रबराच्या पाकळ्या. सहा असायला हव्यात. चारच होत्या, आणि त्याही टोकाला जळून चिकट झालेल्या. त्यांचा बाक कोणत्या दिशेला आहे हे ड्रायव्हरने बोट फिरवून दोनदा पाहून घेतले. मग पक्कडीने चाक सरळ ओढून बाहेर काढले.

चिरंजीवांनी विचारले, "एवढ्याशा रबराने पाणी कसे खेचले जाते?" ड्रायव्हर हुशार माणूस. त्याने पंपाच्या पोटात बोट घालून दाखवले. पोट गोल आहे, पण एका बाजूला आत उंचवटा आहे. चाक फिरते तेव्हा उंचवट्यापाशी आलेली पाकळी वाकते, दोन पाकळ्यांमधली जागा कमी होते, आणि तिथले पाणी बाहेर रेटले जाते. उंचवटा ओलांडला की पाकळी ताठ होते, जागा वाढते, आणि नवे पाणी ओढले जाते. असे मिनिटाला शेकडो वेळा. पाकळीला वंगण म्हणून मिळते ते फक्त पाणी. ते गेले की रबर पितळेवर घासून तापते आणि मिनिटाभरात तुटते.

हे रबरही झाडाच्या चिकाचे बहुधा नसते. झाडाचे रबर तेलाने फुगते. अमेरिकेतल्या द्यु पाँ कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९३० साली निओप्रीन नावाचे कृत्रिम रबर तयार केले. तेल आणि खारे पाणी दोन्ही सोसणारे म्हणून अशा चाकांना ते फार सोयीचे पडते. पण कोरड्या घर्षणापुढे त्याचेही काही चालत नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत चाक पंपातच राहिले तर उंचवट्याखालच्या पाकळ्या वाकलेल्याच राहतात, आणि सवय लागलेल्या माणसासारख्या पुन्हा ताठ होत नाहीत. म्हणून मामांचे वडील होते तोवर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहण्याआधी पंपाला नवे चाक वाहायचे, असा या बोटीचा रिवाज होता. या वर्षी चाक दिसायला चांगले होते, म्हणून ड्रायव्हरने राहू दिले. मामा त्याला त्यावरून एक शब्द बोलले नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून नवे चाक काढून त्याच्या हातात दिले.

मला वाटले, झाले. चाक बसवायचे आणि निघायचे. साडेचार वाजत आले होते. अजून निघालो असतो तर वेळेवर पोहोचलो असतो. ड्रायव्हरचाही विचार तोच. तो चाकाला साबण लावू लागला. तेवढ्यात मामा म्हणाले, "दोन पाकळ्या कुठायत?"

पंपाच्या तोंडाशी बोट घातल्यावर एक मिळाली. नखाएवढा काळा तुकडा. दुसरी मिळेना. नळी सोडून झटकली, फुंकली, तारेने चाचपली. नाही.

"मामा, गेली असंल पाण्याबरोबर बाहेर," ड्रायव्हर म्हणाला. "कूलर उघडायचा म्हणजे गॅसकेट फाटणार. दुसरं नाय आपल्याकडं. आणि पाणी बघा की."

सूर्य खाली गेला होता. वाऱ्याने नांगराचा दोर कुरकुरत होता. अंधार पडल्यावर, ओहोटी लागल्यावर त्या दांड्यावरून आत जाता येणार नव्हते, आणि वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो. म्हणजे सबंध रात्र उघड्या समुद्रात नांगरावर काढायची. दाभोळच्या धक्क्यावर दोन बायका वाट पाहत उभ्या असणार, हे मला दिसत होते. खरे सांगायचे तर मी मनातून ड्रायव्हरच्या पक्षात होतो. नवे चाक हातात असताना एका जुन्या तुकड्यासाठी थांबायचे कशाला?

मामांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "अरे, बाहेर गेली असंल तर देव पावला. आत असंल तर ती कुठं अडकंल ते मला ठाऊक नाय, तुला ठाऊक नाय. इथं आपल्याखाली सहा वाव पाणी हाय, नांगर पडतो. दांड्यावर मधोमध इंजिन तापलं तर नांगर टाकायला वेळ मिळंल का? आणि हे पोर हाय बोटीत." त्यांनी चिरंजीवांकडे पाहिले. "सहा होत्या. सहा दिसल्याशिवाय बोट हलणार नाय."

त्यावर कोणी काही बोलले नाही. ड्रायव्हरने पाना घेतला आणि कूलरच्या टोकाचे बोल्ट सोडायला लागला. गॅसकेट खरोखरच फाटले. झाकण निघाले. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नळ्यांची तोंडे. आणि त्यांतल्या चार-पाच नळ्यांच्या तोंडावर, पाण्याच्या जोराने चपटी होऊन बसलेली, ती पाकळी. पिशवी नळाच्या तोंडावर बसते तशीच. ती तिथेच राहिली असती तर नव्या चाकाने पाणी ढकलले असते, बाहेर धारही पडली असती, जरा बारीक. आणि इंजिन हळूहळू तापत गेले असते.

ड्रायव्हरने ती चिमट्याने काढली आणि काही न बोलता मामांच्या तळहातावर ठेवली. चिरंजीवांनी जुने चाक फळीवर ठेवले आणि दोन्ही तुकडे त्यांच्या जागी लावून पाहिले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. एका तुकड्याचा कोपरा कमी होता. तोही मामांनी शोधायला लावला, आणि तो नळीच्या वळणावर सापडला.

गॅसकेटचा प्रश्न उरला होता. जाड कागद हवा होता. माझ्या पिशवीत प्रवासाची टिपणे करण्यासाठी घेतलेली रोजनिशी होती, तिचे पुठ्ठ्याचे वेष्टन मामांना पसंत पडले. त्यांनी झाकण पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने आखले, कात्रीने कापले, बोल्टांची भोके खिळ्याने पाडली, दोन्ही बाजूंनी ग्रीस चोपडले. माझ्या लेखनाचा जगाला इतका थेट उपयोग यापूर्वी झालेला नाही.

नव्या चाकाला अंगाच्या साबणाचा फेस लावला. ग्रीस चालत नाही, कारण तेलाचे पदार्थ या रबराला फार दिवस मानवत नाहीत. शिवाय साबण पाण्याबरोबर धुऊन जातो. इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेला पिळत पिळत ड्रायव्हरने चाक आत सरकवले, तशा पाकळ्या एका बाजूला शहाण्यासारख्या कलल्या. पंपाच्या झाकणावर आतून चरे पडले होते, म्हणून ते उलटे करून गुळगुळीत बाजू आत घातली. चाकाबरोबर आलेले कागदी गॅसकेट बसवले. पेल्यातले सहा स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळले. तळाचा कॉक उघडला. सांध्यांवर हात फिरवून कुठे ओल येत नाही ना, पाहिले.

पाच वाजून दहा मिनिटांनी इंजिन सुरू झाले. आम्ही सगळे, तांडेलमामासुद्धा, उजव्या अंगाला वाकून उभे होतो. एक क्षण गेला. दुसरा गेला. मग भोकातून खोकल्यासारखी हवा आली, थोडे साबणाचे फेसकट पाणी, आणि मग ती धार, मनगटाएवढी. भाच्याने टाळी वाजवली. मामांनी हात धारेखाली धरला आणि पाणी कोमट आहे ना ते पाहिले. कोमट याचा अर्थ ते इंजिनाची उष्णता घेऊन बाहेर येत होते.

नांगर वर आला. कोळथऱ्याचे माड मावळत्या उन्हात सोनेरी झाले होते, पण मी किनाऱ्याकडे कमी आणि धारेकडे जास्त पाहत होतो. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी तपमानाच्या काट्याकडे नजर टाकी. काटा ऐंशी अंशांच्या आसपास स्थिर होता. सव्वासहाला अंजनवेलचा गोपाळगड आणि टाळकेश्वराजवळचे दीपगृह दिसू लागले. वाशिष्ठी समुद्राला मिळते ती ही जागा. पाणी नुकतेच भरून थांबले होते. आकाशात अजून तांबडे होते. दांड्याच्या कडेने लाटांची पांढरी रेघ उठत होती, आणि तिच्या बाजूने, मामा बोटाने दाखवीत, ड्रायव्हर वेग कमी करीत, आम्ही आत शिरलो. ती दहा मिनिटे कोणी बोलत नव्हते. सगळ्यांचे कान सळसळीकडे लागले होते.

धक्क्यावर सौ. आणि आई उभ्या होत्या. उशीर का झाला, या प्रश्नाला चिरंजीवांनी एका दमात उत्तर दिले. त्यात नांगर, पिशवी, पाकळ्या आणि पुठ्ठा हे सगळे आले. आईने तांडेलमामांकडे पाहिले आणि त्यांना हात जोडले. मामा ओशाळून बोटीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दाभोळ पाहिले. बहामनी आणि आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते. पंधराव्या शतकात निकितिन हा रशियन प्रवासी परतीच्या वाटेवर इथूनच होर्मुझकडे निघाला. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांच्या आल्मेदाने शहर जाळले. आदिलशाही काळातली सुंदर मशीद खाडीच्या काठी उभी आहे. भुयारातल्या चंडिकादेवीचे दर्शन आम्ही समईच्या उजेडात घेतले. आईने तिथे थोडा जास्त वेळ डोळे मिटले होते.

परत येताना धक्क्यावर गेलो, तर मामा बाजारातून आले होते. हातात दोन नवी चाके, आणि मापासाठी नेलेले ते जुने चाक, तुकड्यांसकट. चिरंजीवांना जुने चाक आठवण म्हणून हवे होते. "चाक नाय देत बाळा," मामा म्हणाले, "पुढच्या खेपेला दुकानदार नमुना मागतो. हे घे." त्यांनी एक तुटकी पाकळी काढून त्याच्या हातात ठेवली. आणि लगेच डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने लिहिले : पाच इथे, एक साहेबांच्या मुलाकडे.

वाचकहो, या सुट्टीत आपण कोकणात जाल, कुठे खाडी ओलांडायला बोटीत बसाल, तेव्हा निघाल्याबरोबर कडेला वाकून पाहा. एक धार समुद्रात पडत असेल. ती पडत असली म्हणजे आत एखादे वाटीएवढे चाक फिरते आहे, आणि त्याच्या पाकळ्या मोजणारा कोणीतरी बोटीवर आहे. मग खुशाल पाय पसरून बसा आणि डोंगर पाहा.